फाइल कुठल्या टेबलावर अडकलीये, ते आधी शोध

हे पत्र आलंय हडपसरहून, नाव देत नाही, थोडं कापून छापतेय:

"काकू, माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, दिव्यांग दाखल्यावर ७५ टक्के लिहिलंय. वडील नाहीत. आई मजुरीला जाते आणि त्याचं सगळं तीच करते, मी लग्न होऊन इकडे पुण्यात. मागच्या जुलैत आईने संजय गांधी निराधारचा (महिन्याला मिळणारं सरकारी अनुदान, गावात त्याला पगारच म्हणतात) अर्ज केला, आता जून आला. आठ वेळा तहसीलला जाऊन आली, दर खेपेला गाडीभाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते, शिवाय भावाला शेजारणीच्या भरवशावर ठेवावं लागतं. एकदा सांगितलं साहेब मिटिंगला गेलेत सही राहिलीये, एकदा सांगितलं समितीची बैठकच झाली नाही, आणि आता म्हणतात वरून निधी आला नाही. बाहेर टपरीवर एक जण आहे, तो म्हणतो तीन हजार द्या, पुढच्या महिन्यात पगार चालू करून देतो. आई म्हणते देऊन टाकू. देऊ का?"

अगं, नको देऊस. आणि हे मी नीतिमत्तेच्या गप्पा म्हणून सांगत नाहीये, ते तीन हजार कशाचे असतात ते मला माहितीये म्हणून सांगतेय. मी महसूलमध्ये नोकरी केली, अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले, त्यातली चार वर्षं संगायोच्या टेबलावर गेली, म्हणजे हीच ती संजय गांधी योजना शाखा. टपरीवरचा माणूस मंजुरी देऊ शकत नाही, तो फक्त एवढंच करतो की आत जाऊन विचारतो "ही फाइल कुठे आहे आणि काय कमी आहे", मग तो कागद आणून लावतो. बास. म्हणजे तो एका प्रश्नाचे तीन हजार घेतो, आणि तो प्रश्न तुझी आई फुकटात विचारू शकते, फक्त तो तोंडी न विचारता कागदावर विचारायचा.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते, जी तुला स्वतःला लिहिताना दिसली नसेल. तुला दिलेली तीन कारणं बघ. साहेबांची सही राहिली, समितीची बैठक झाली नाही, निधी आला नाही. ही तीन वेगवेगळ्या टप्प्यांवरची कारणं आहेत गं. सही राहिली म्हणजे छाननी चालू आहे. बैठक झाली नाही म्हणजे छाननी होऊन प्रकरण समितीपुढे ठेवायच्या यादीत गेलंय. आणि निधी आला नाही हे फक्त त्यालाच सांगता येतं ज्याचं प्रकरण मंजूर झालंय आणि पैसे जमा व्हायचे राहिलेत. तुमचं मंजूर झालंय का? झालं असतं तर मंजुरीचं पत्र नाहीतर निदान यादीत नाव दाखवलं असतं. मग निधीचा संबंध काय? याचा अर्थ खिडकीवरच्या माणसाने फाइल उघडलीच नाही, समोर माणूस आला की तोंडाला येईल ते सांगितलं. मी पण सांगितलंय असं, खोटं कशाला बोलू, दुपारी साडेबाराला पन्नास माणसं पुढे उभी असताना कपाट उघडून गठ्ठा सोडायचा जीवावर येतो.

म्हणून पहिलं काम हे की फाइल नेमकी कुठे आहे ते कळलं पाहिजे, त्याच्या आधी कुठेही तक्रार करून उपयोग नाही. तक्रार केलीस तर वरून त्याच टेबलावर खाली येते आणि तोच माणूस उत्तर लिहितो "प्रकरणी कार्यवाही सुरू आहे", हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलंय त्याची गणती नाही.

फाइल कशी चालते ते थोडक्यात ऐक म्हणजे आईला पण सांगता येईल. अर्ज सेतूतून किंवा थेट तहसीलला जातो, तिथे नंबर पडतो. मग तलाठ्याकडे चौकशीला जातो (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठी आप्पाच), तो राहणीमान, उत्पन्न, घरात कमावतं कोण वगैरे बघून अहवाल देतो. अहवाल परत आला की संगायो शाखेत कागदांची छाननी. त्यानंतर तालुक्याची समिती, तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात, बैठकीत मंजूर नाहीतर नामंजूर, त्याचं इतिवृत्त लिहिलं जातं. मंजूर झालं की नाव ऑनलाइन चढवायचं आणि मग डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारवाल्या खात्यात पैसे. आता या साखळीत माझ्या अनुभवाने सगळ्यात जास्त दिवस दोनच जागी जातात, एक तलाठ्याचा अहवाल आणि दुसरी समितीची बैठक. बैठक आचारसंहितेत होत नाही, समिती नवीन नेमायची असली की होत नाही, आणि कधी कधी नुसतीच होत नाही.

तर आईने पुढच्या खेपेला (आणि ती खेप शक्यतो तू स्वतः रजा टाकून कर, किंवा गावातला कुणी लिहिता-वाचता पोरगा बरोबर दे) एक साधा अर्ज न्यायचा, दोन प्रती. त्यात लांबलचक दुःख लिहू नको. फक्त अर्जाचा नंबर, तारीख, आणि हे तीन प्रश्न: माझा अर्ज आज कोणत्या टप्प्यावर आणि कोणाकडे आहे, त्यात काही त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात, आणि हा अर्ज समितीच्या कोणत्या बैठकीत ठेवला किंवा ठेवला जाणार आहे. आवक शाखेत (ऑफिसात येणारी सगळी पत्रं घेतात तिथे) द्यायचा, संगायोच्या खिडकीवर नाही. आवकवाला शिक्का मारतो आणि नंबर घालतो, दुसऱ्या प्रतीवर तो शिक्का, नंबर, तारीख, सही घेतल्याशिवाय हलायचं नाही. "ठेवून जा, देतो" म्हणाले तर बसून राहायचं. ती पोच म्हणजे तुमची खरी फाइल, ऑफिसातली हरवू शकते, ही नाही.

"सर्व त्रुटी एकाच वेळी" या शब्दांवर जोर दे. का ते सांगते.

एक म्हातारे होते, पायाने अधू, काठी टेकत यायचे, लांबच्या वस्तीवरून. पहिल्यांदा मी म्हटलं रेशनकार्डची झेरॉक्स नाही. आणली. मग म्हटलं रहिवासी पुरावा १५ वर्षांचा पाहिजे. आणला. मग माझ्या लक्षात आलं की दाखल्यावर नाव एक आणि पासबुकवर आडनावाची वेलांटी वेगळी, ते सांगितलं. मग उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख गेली. सातव्या वेळी ते आले तेव्हा काही बोलले नाहीत, टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली आणि सगळे कागद माझ्यासमोर पसरले, आणि म्हणाले, बाई आता तुम्हीच सांगा काय न्हाई यात. मला पाच मिनिटं लागली सगळं तपासायला. पाच मिनिटं! ती पाच मिनिटं मी पहिल्या दिवशी दिली असती तर त्यांच्या सहा खेपा वाचल्या असत्या. तेव्हापासून मी एक कागद छापून घेतला, त्यावर सगळ्या कागदपत्रांची नावं, जे नाही त्यावर खूण करून त्याच दिवशी हातात द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुठलं परिपत्रक नव्हतं. माझ्या टेबलावरची गर्दी दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर आली, कारण गर्दी कशाची होती तर परत परत येणाऱ्यांची. लोकांना वाटतं ऑफिसला माणसं कमी म्हणून उशीर, ते आहेच, जागा रिकाम्या आहेत, पण अर्धं काम आम्ही स्वतःच स्वतःसाठी तयार करतो.

बरं आता तुमच्या फाइलमध्ये काय निघू शकतं ते आधीच तपासून ठेव, म्हणजे त्यांनी सांगायच्या आत तुमच्याकडे तयार.

उत्पन्नाचा दाखला. तो ३१ मार्चपर्यंत चालतो. जुलैत लावलेला आता जूनमध्ये शिळा झाला, म्हणजे उशीर ऑफिसने केला आणि कागद तुमचा मुदतबाह्य. मला ह्याचा सगळ्यात जास्त राग येतो. पण रागावून उपयोग नाही, नवीन दाखला आत्ताच काढायला टाक, तो द्यायची मुदत १५ दिवस आहे, आणि ही सेवा लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित आहे, म्हणजे १५ दिवसांत नाही दिला तर ३० दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि कारण नसताना उशीर केला तर ५०० ते ५००० रुपये दंड त्या अधिकाऱ्याला बसू शकतो. हा कायदा २०१५ चा आहे, ऑफिसच्या भिंतीवर सेवांचा बोर्ड लावावाच लागतो त्यांना, दिवस किती आणि अपील कुणाकडे ते त्यावर असतं. बोर्डाचा फोटो काढून आण, संगायोबद्दल त्यावर काय लिहिलंय तेही वाच. आणि हो, कुणी म्हणालं की उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे तर सांग की ती मर्यादा बाकीच्या निराधारांची, दिव्यांगासाठी कुटुंबाचं उत्पन्न ५० हजारांपर्यंत चालतं. याच्यावरून परत पाठवलेली माणसं मी पाहिलीत.

मग दिव्यांग दाखला. तू लिहिलंयस ७५ टक्के, पण दाखला कधीचा आहे ते लिहिलं नाहीस. लहानपणी काढलेला जुना कागदी असेल, त्याच्यावर मुदत लिहिलेली असेल आणि ती संपली असेल, तर नुसता तेवढ्यावर अडतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलंय का? ४० ते ७९ टक्क्यांना पिवळ्या पट्ट्याचं कार्ड येतं, ८० च्या वर निळं. नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांच्या तपासणी बोर्डाच्या दिवशी न्यावं लागेल. तो दिवस आधी फोन करून विचारा, उगाच भावाला जीपमध्ये घालून चाळीस किलोमीटर नेलं आणि तिथे कळलं की हाडाचे डॉक्टर आज नाहीत, असं होतं. आधी हा दाखला एका महिन्यात द्यायचा नियम होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून तो तीन महिने केला. म्हणजे लोक ओरडत होते उशीर होतो, तर उशिरालाच कायदेशीर केलं, काय बोलायचं! आणि त्याच नियमात असंही आहे की अर्जावर दोन वर्षं निर्णय झाला नाही तर तो अर्ज निष्क्रिय होतो, परत पहिल्यापासून करायचा. म्हणून पोर्टलवर टाकून विसरून जाऊ नका.

नावं. आधार, पासबुक, दाखला, रेशनकार्ड चारही समोर ठेव आणि अक्षर न् अक्षर जुळव. मधलं नाव आहे नाही, जन्मतारीख, सगळं. हे काम तू पुण्यातून व्हॉट्सॲपवर फोटो मागवून करू शकतेस, आज रात्रीच कर.

खातं. इथे फार लोक फसतात. पूर्वी तहसीलमधून याद्या बँकेत जायच्या, आता पैसे डीबीटीने थेट येतात, आणि ते पासबुकावर जो नंबर लिहून दिला त्यात येतीलच असं नाही, आधार ज्या बँकेला शेवटचं सीड झालंय, म्हणजे पैसे यायला जोडलंय, तिथे येतात. "आधार लिंक आहे" म्हणजे सीड आहे असं समजू नका, बँकेने केवायसीला घेतलेला आधार वेगळा आणि डीबीटीसाठी सीड केलेला वेगळा. माय-आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, पण मोबाइल नंबर आधारला जोडलेला पाहिजे. भावाच्या बोटांचे ठसे नीट उमटत नसतील, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं बऱ्याचदा होतं, हात आखडलेले असतात, तर आधार केंद्रात तसं स्पष्ट सांगा, त्याची वेगळी सोय आहे. पोस्टाच्या पेमेंट बँकेचा पोस्टमन घरी येऊन खातं उघडतो, बघा गावात होतंय का, आईची एक खेप वाचेल. आणि बँकवाले म्हणाले की मुलगा सज्ञान आहे पण सही करू शकत नाही, पालकत्वाचा कागद आणा, तर कोर्टात धावायची गरज नाही, सेरेब्रल पाल्सी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिथे आईच्या नावाने कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना पण आहे, एक लाखापर्यंत, ती वेगळी बघ.

हे सगळं नीट असून पण पोच दिल्यावर पंधरा-वीस दिवस उत्तर आलं नाही, तर मग माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर तेही नाही, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. विचार काय? "का उशीर झाला" असं विचारू नको, "का" ला ते उत्तर देत नाहीत. कागद माग. माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिपणीची प्रत, चौकशीला पाठवल्याची आणि अहवाल परत आल्याची तारीख, गेल्या १२ महिन्यांत झालेल्या समितीच्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्ताच्या प्रती. तीस दिवसांत द्यावं लागतं. माझं म्हणशील तर दहापैकी सहा-सात वेळा उत्तर यायच्या आधी फाइलच हलते, कारण प्रत द्यायची म्हणजे गठ्ठा सोडावा लागतो, आणि गठ्ठा सोडला की दिसतं आपण काय करून ठेवलंय.

ह्याच्या जोडीला लोकशाही दिन. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी, आधी तालुक्याला अर्ज द्यायचा, तिथे नाही सुटलं तरच जिल्ह्याला, नमुना ठरलेला असतो आणि अर्ज आधीच द्यावा लागतो, त्या दिवशी नुसतं उठून गेलं तर घेत नाहीत. जिल्ह्याच्या दिनाला कलेक्टर समोर बसलेले असतात आणि तहसीलदाराला विचारतात, आमच्या वेळी लोकशाही दिनाच्या आदल्या आठवड्यात ऑफिसात जेवढं काम व्हायचं तेवढं महिनाभरात होत नसे.

अजून एक हत्यार आहे, लोक वापरत नाहीत. बदल्यांचा आणि विलंबाचा तो २००५ चा कायदा, दफ्तर दिरंगाईचा म्हणतात. त्याच्या कलम १० मध्ये लिहिलंय की कुठलीही फाइल साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, आणि मुद्दाम हयगय केली तर शिस्तभंगाची कारवाई. हे खिडकीवर जाऊन ओरडून सांगू नको, तिथे आईलाच त्रास होईल. स्मरणपत्राच्या शेवटी एक शांत ओळ टाक, "कलम १० चा संदर्भ घेऊन निर्णय कळवावा", प्रत जिल्हाधिकारी. वाचणाऱ्याला बरोबर कळतं. आणि अगदीच कुठे काही झालं नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तू तिथेच राहतेस, आईला न नेता तू अर्ज देऊ शकतेस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने राज्य आयुक्ताला सुनावणीसाठी लोकांना, कागदांना बोलवायचे अधिकार दिलेत. पण तिथे जाताना पोचा पाहिजेत हातात, नुसतं "आठ वेळा गेलो" चालत नाही, आठ वेळा गेल्याचा एक तरी कागद आहे का? नाही ना. म्हणून म्हणतेय.

पैशाचा हिशोब पण करून टाकते, कारण तीन हजारांचा मोह का होतो ते मला कळतं, मी सुखवस्तू बोलतेय असं नको वाटायला. दिव्यांगांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार झालं, ऑक्टोबर २०२५ पासून. त्या दराने अकरा महिन्यांचे झाले २७,५०० रुपये, आणि मंजुरीच्या आधीचे महिने सहसा मिळत नाहीत, पगार मंजुरीनंतर चालू होतो. म्हणजे ह्या उशिराची किंमत टपरीवाल्याच्या मागणीच्या नऊपट आहे आणि ती तुझ्या आईने भरलीये. त्या माणसाला ते माहितीये, त्याचा धंदाच त्यावर आहे. पण त्याला पैसे दिले आणि कागदात उत्पन्नाचा किंवा नावाचा घोळ तसाच राहिला, तर सहा महिन्यांनी पडताळणीत पगार बंद होतो आणि तेव्हा तो टपरीवर नसतो. बंद झालेला पगार चालू करणं हे नवीन मंजुरीपेक्षा अवघड, हे माझ्याकडून लिहून घे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो तो पण असाच विसरला जातो आणि जिवंत माणसाचा पगार थांबतो, आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेव.

तोपर्यंत घरात काहीतरी यावं म्हणून ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला विचार, स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, गावोगाव तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईत वाटतात नाहीतर वाटतच नाहीत. आताच अर्ज दिला तर यादीत नाव राहील. इथे पण पोच घे. यूडीआयडी हातात आलं की एसटीला तिकिटात ७५ टक्के सूट आहे, सिव्हिलला नेताना कामाला येईल.

आईला म्हणावं आता एकटीने त्या बाकावर जाऊन बसायचं नाही. तू एक दिवस काढ, सोमवार किंवा गुरुवार बरा, मंगळवारी बहुतेक साहेब जिल्ह्याला असतात असं आमच्याकडे तरी होतं, तुमच्याकडे विचारून घे. सकाळी साडेदहाला तिथे पोहोच. आणि आवकचा शिक्का पडला की त्या कागदाचा फोटो मला पाठव, नंबर नीट दिसेल असा, पुढचं स्मरणपत्र मी तुला लिहून देते.